सुनेसाठी हॉली

हॉलीचं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. ग्रीटिंग कार्डावर पाहिलं होतं, पण कार्डावर हरणंसुद्धा आकाशात उडतात, त्यामुळे ते खरोखरीच कुठे उगवत असेल असं काही मी धरून चालले नव्हते. ते शोधायची वेळ माझ्यावर आली ती मुलाच्या एका फोनमुळे.

मुलगा इंग्लंडमध्ये असतो, सून तिथलीच. त्या वर्षी थंडी सरता सरता तिची आई गेली, अगदी अचानक. नंतर एकदा मुलगा बोलता बोलता म्हणाला की त्यांच्याकडे डिसेंबर आला की तिची आई स्वयंपाकघराच्या दारापाशी असलेल्या हॉलीच्या फांद्या कापून घरात आणायची, लाल फळांसकट. आता ते घरच विकायचंय. "या डिसेंबरात तिला तिथे थांबायचंच नाहीये आई. आम्ही तुमच्याकडे येऊ का?"

हे ऐकून मी आनंदानं नाचायला हवं होतं. मला धडकीच भरली. कारण आदली खेप.

आदल्या खेपेला आम्ही दुबईत करामाला राहत होतो, लहानशा फ्लॅटमध्ये, आणि नातू अगदी तान्हा होता. कोणी वाईट वागलं नाही हो. उलट सगळेच एकदम प्रेमानं वागले. अख्ख्या बिल्डिंगमधल्या बायका बाळ बघायला आल्या. बाळ या हातातून त्या हातात. कोणी तीट लावली, कोणी पाय चोळून दाखवले, कोणी वरणाचं पाणी चाटवायला चमचा घेऊनच आलं. सून हसत होती, थँक यू म्हणत होती आणि मग बेडरूमचं दार लावून घेत होती. ठरल्यापेक्षा लवकर परत गेले. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर ती दिसायची ती हात हलवण्यापुरती. आता पुन्हा काही बिनसलं तर ती इथे पाऊल ठेवायची नाही, आणि नातू मला मोबाइलच्या काचेतच मोठा होताना बघावा लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मुलाला दिसत नव्हतं. आमच्या ह्यांना तर समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही.

मधल्या काळात ह्यांच्या ऑफिसमुळे आम्ही शारजात आलो होतो. जुनं एकमजली भाड्याचं घर, मागे भिंतीच्या आत वाळूचं चौकोनी अंगण. मी ठरवलं, इथे हॉली वाढवायची. सून आली की तिला मागच्या दारातून ती दिसली पाहिजे, फळांनी लगडलेली. म्हणजे तिला थोडं तरी आपलं वाटेल.

"वाळवंटात हॉली?" हे म्हणाले. "आपला व्हिसा दोन वर्षांचा, आणि तू झाडं लावायला निघालीस."

मी मोबाइल घेतला. वाचायला बसले. मला काळजी लागली की मी वाचत सुटते, आणि जितकं वाचते तितकी काळजी वाढते. इंग्लंडातल्या हॉलीला थंड हवा हवी, आपल्या जूनमध्ये तिचा कोळसाच व्हायचा. उन्हाला थोडंफार तोंड देणारी ती चिनी हॉली. त्यात फळं धरतात फक्त मादी झाडाला. नर झाड कितीही देखणं असो, त्याला नुसती फुलं. आणि बहुतेक हॉलींना जवळपास एखादं नर झाड लागतंच, पण चिनी हॉलीतली एक जात अशी की ती जोडीदाराशिवायही फळते. तिची ओळख अशी की पानं गडद, चकचकीत, आणि काटा बहुतेक टोकाला एकच. ही बाई आपल्याला बरी, मी म्हटलं.

रोपांच्या बाजारात पहिल्याच दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "हॉली? है ना, एक नंबर हॉली." मी फांदी हातात घेऊन पाहिली. हॉलीची पानं फांदीवर एकाआड एक येतात. याची समोरासमोर जोडीनं आली होती. तशी पानं असणारं हॉलीसारखंच दुसरं एक झाड असतं, हे मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. "ये हॉली नहीं है," मी म्हटलं. तो म्हणाला, "काँटा है ना? फिर?" मी फांदी सोडून पुढे निघाले. दुसऱ्या दुकानात हॉली खरी होती, पण झाडावर फळाचा मागमूस नव्हता. मी विचारलं, हे नर आहे की मादी. त्यानं आतून भागीदाराला बोलावलं आणि मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. दोघंही पोट धरून हसले.

तिसऱ्या ठिकाणी, शेडनेटच्या पार टोकाला, एक कमरेइतकं झाड उभं होतं. पानाच्या टोकाला एकच काटा. आणि शेंड्याला सुकून गेलेली चार-दोन लाल फळं अजून चिकटलेली. फळं आहेत म्हणजे मादी, एवढं तरी नक्की. ती एकटीनं फळेल की हिला सोबत लागेल, ते मात्र झाडाला बांधलेली जातीची चिठ्ठी हरवल्यामुळे कोणालाच सांगता येईना. "यल्ला, ले जाओ मॅडम. इन्शाल्ला फ्रूट आएगा," दुकानदार म्हणाला. ह्यांनी गाडीत बसल्यावर मनातल्या मनात दिरहमचे रुपये केले आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

झाड उतरवताना शेजारच्या वहिनी बघायला आल्या. वहिनी कोल्हापूरच्या, त्यांच्या घरचा डबे पुरवायचा धंदा आहे. हात सढळ, तोंडही सढळ. "अहो ताई, काटेरी झाड दारात? घरात भांडणं लागतात." मी म्हटलं, आमच्याकडे ती आधीच चालू आहेत, आता झाडावर कशाला आळ.

अंगणातल्या वाळूत ते लावायची माझी हिंमत झाली नाही. वाळू खारट, आणि हॉलीला माती लागते जराशी आंबट. म्हणून खाली भोकं असलेली मोठी कुंडी आणि विकतची माती. तरी महिन्याभरात पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. वहिनी म्हणाल्या, आंबट ताक घाला, कढीपत्त्याला घालतो तसं. घातलं. पानं तशीच राहिली, मुंग्या मात्र सहकुटुंब राहायला आल्या. मग लोहाचं खत आणून घातलं आणि रोज उठून पानं बघायची सवय लागली. चहाच्या आधी झाड. हे म्हणायचे, इतकं माझं बीपी कधी बघितलं नाहीस.

एप्रिलमध्ये पानांच्या बेचक्यात बारीक फुलं आली, हिरवट पांढरी. फुलं गळली, आणि त्यांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे गोळे दिसले. एकटीच फळली होती. मी आत येऊन देवापुढे साखर ठेवली आणि त्याच मिनिटाला नवी चिंता सुरू झाली, की आता ही टिकणार कशी.

इथला नियम सगळ्यांना माहीत आहे. शाळांना सुट्टी लागली की आपली माणसं भारतात जातात, आणि बाल्कनीतली झाडं कोणा तरी शेजाऱ्याच्या भरवशावर राहून मरतात. परत आलं की वाळलेल्या काड्या काढायच्या आणि नवी रोपं आणायची, याचं कोणाला वाईटही वाटत नाही. मी त्या वर्षी गेले नाही. हे एकटे पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "लोकांना सांगू काय? बायको हॉलीपाशी थांबलीये म्हणून?" बहीण तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

ऑगस्टमध्ये इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. ते पाणी मुळांशी घातलं तर झाड शिजूनच जायचं. मी बादल्या भरून बाथरूममध्ये निवत ठेवायची. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी वेगळं धरायची, ते हॉलीला जास्त मानवतं असं वाटायचं. वर दुहेरी शेडनेट. तरी निम्मी पानं झडली. झाडाखाली गळलेलं एखादं हिरवं फळ दिसलं की मी उरलेली पुन्हा मोजायला बसायची. एका फळासाठी माणसाचं असं व्हावं, याचा मला स्वतःचाच राग यायचा. पण मी झाडाकडे बघत नव्हतेच मुळी. मला दिसत होतं ते बेडरूमचं लावून घेतलेलं दार.

नोव्हेंबर उजाडला तशी हवा जरा माणसात आली. फळं आधी नारिंगी झाली, मग लाल. अशी लाल, की भिंतीपलीकडून जाणारा माणूस थांबून बघायचा. साळुंक्यांनी डाव साधायच्या आत मी जुनी मच्छरदाणी वरून गुंडाळली.

आणि तेव्हाच कुठे तरी वाचनात आलं की हॉलीची फळं लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांना उलट्या-जुलाब होतात.  वर्षभर देव पाण्यात घालून फळांची वाट बघितली, आणि आता तीच फळं कुठे लपवू असं झालं. नातू आता दुडुदुडु पळण्याच्या वयाचा, हातात येईल ते तोंडात. झाड देऊन टाकावं असंही मनात आलं. ह्यांनी कधी नव्हे ते डोकं चालवलं आणि कुंडीभोवती छातीएवढी जाळी ठोकून दिली. मी वहिनींना बजावलं, "तुमच्या नातवंडांना त्या फळांना हात लावू देऊ नका बरं का." त्या म्हणाल्या, "कळलं हो ताई, सुनेसाठी राखून ठेवलीत. आमची पोरं नाही तोडणार."

डिसेंबरात ते आले. सुनेनं मला मिठी मारली, अलगद, पाहुणी मारते तशी. मी तिला हात धरून मागच्या दारापाशी नेलं. ती झाडाकडे बघत राहिली. मच्छरदाणी बाजूला करून, जाळीवरून हात घालून तिनं एका पानाला बोट लावलं. "लव्हली," म्हणाली. मग म्हणाली, "आमच्याकडची याहून काटेरी होती." आणि आत गेली.

झालं. वर्षभराचं मुसळ केरात गेलं, असं मला वाटलं. मुलाला गाठून विचारलं, तिला आवडलं का. "आवडलं असेल की." काही म्हणाली का. "नाही. आई, प्लीज, तू प्रत्येक गोष्टीचं टेन्शन नको ना घेऊस." ख्रिसमसच्या दिवशी मी मोठी कात्री घेऊन तिच्यापुढे उभी राहिले, म्हटलं, हव्या तेवढ्या फांद्या काप. ती म्हणाली, "नको, झाडावरच छान दिसतायत." म्हणजे काय समजायचं माणसानं? नको म्हणजे दुःख होतंय म्हणून नको, की ही काही खरी हॉली नाही म्हणून नको? मी पुलाव जास्त खारट केला त्या दिवशी. तिनं तो मुकाट्यानं खाल्ला आणि ताट स्वतः विसळलं. तिचं वागणं इतकं नीट होतं की कुठे हात घालावा कळत नव्हतं. नातवासाठी ती द्राक्षं उभी चार तुकडे करून द्यायची, घशात अडकू नयेत म्हणून. मीही तशीच चिरायला शिकले. तरी मी दिलेल्या वाटीकडे ती एकदा बघून घ्यायचीच.

बोरन्हाणाचा विषय वहिनींनी काढला. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलाला पाटावर बसवून डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे ओततात, आणि बाकीची मुलं ते वेचून खातात. संक्रांतीच्या आधीच हे लोक परत जाणार होते, पण इथे आपले सगळे सण सुट्टीच्या वाराला सरकतात, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मला नको होतं. पुन्हा माणसं, पुन्हा गडबड. पण मुलानं परस्पर हो म्हटलं, आणि सूनही हो म्हणाली. फक्त तिनं मला विचारलं, "त्याच्या अंगावर नक्की काय काय पडणार?"

मी सांगितलं. तिनं नातवाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "बी असलेलं किंवा कडक काही नको. चालेल ना?"

"नुसते चुरमुरे," मी म्हटलं. "मी शब्द देते."

वहिनींनाही सांगितलं, बोरं नाहीत, ऊस नाही, बत्तासे नाहीत, नुसते चुरमुरे. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "बोरांशिवाय कसलं बोरन्हाण?" पण चुरमुरे मीच आणते, माझ्याकडे मोठं पातेलं आहे, असं म्हणाल्या, आणि मला वाटलं की मिटलं.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजी घातली. वहिनी आणि त्यांची दोन नातवंडं, एवढीच माणसं. मुलगा सुट्टी असूनही आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता. हे मोबाइल आडवा धरून शूटिंग करायला उभे. नातू काळं झबलं घालून पाटावर, आणि सून त्याच्या शेजारी खाली मांडी घालून. मी औक्षण केलं. नातवानं निरांजनाकडे बघून टाळ्या वाजवल्या, सूनही हसली, आणि मला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. वहिनी पातेलं घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी ते त्याच्या डोक्यावर कलतं केलं.

पांढऱ्या चुरमुऱ्यांतून लाल काही तरी पडलं. आणखी पडलं. मला आधी डाळिंबाचे दाणे वाटले. मग कळलं. माझ्या आधी सुनेनं ओळखलं होतं. ती नातवावर पूर्ण ओणवी झाली आणि उरलेलं पातेलं तिच्या केसांत रिकामं झालं.

"थांबा, कोणी काही खाऊ नका," मी ओरडले. वहिनींच्या नातवानं तेवढ्यात एक तोंडात टाकलं होतं. "येक, इट्स बिटर," म्हणत त्यानं ते सतरंजीवर थुंकलं. मी त्याचा जबडा धरून आत बोट फिरवलं. काही नव्हतं. नातीची मूठ उघडली, मुठीत दोन होती, तोंडात नव्हतं. पलीकडे सून नातवाच्या गालांच्या आत बोट घालून बघत होती आणि तो जिवाच्या आकांतानं रडत होता. 

वहिनींना काही उमगेना. "अहो ताई, अख्खं करामा पालथं घातलं, बोरं कुठे मिळाली नाहीत. मग मागून तुमच्या अंगणात आले आणि ही तोडली. ख्रिसमस तर झाला होता. मऊ दिसली, लालबुंद दिसली. म्हटलं सूनबाईलाही बरं वाटेल, तिच्या माहेरचं फळ." आणि तिथेच पातेलं धरून त्या रडकुंडीला आल्या.

कोणावर रागवायचं ते मला समजेना. मी सुनेला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. बोरं काय असतात ते सांगितलं, वहिनींच्या मनात काय होतं ते सांगितलं, मी शब्द दिला होता आणि तो मोडला तेही सांगितलं. सांगताना मनात एकच, की संपलं. हे आता उद्याचंच तिकीट काढतील.

तिनं नातवाला मांडीवर घट्ट धरलं होतं. त्याचं तोंड पुन्हा एकदा बघितलं, जीभ रुमालानं पुसली, पाणी पाजलं. वहिनींच्या नातवाला विचारलं, काही गिळलंस का. त्यानं नाही म्हणून मान हलवली. "एखादं गेलं असतं तरी बहुतेक उलटीवर भागलं असतं," ती मला म्हणाली. मग सतरंजीवरचं एक लाल फळ उचलून तिनं तळहातावर घेतलं.

"मी खाल्लीयेत ही," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षांची असेन. मूठभर खाल्ली आणि कोणाला सांगितलं नाही. मग उलट्या सुरू झाल्या. आई बाथरूमच्या फरशीवर बसली, मला मांडीत घेऊन, पुढ्यात बादली. सगळा वेळ मला बोलत होती. मूर्ख मुली, मूर्ख मुली. आणि सगळा वेळ पाठीवरून हात फिरवत होती. ती घाबरली की अशीच रागवायची."

तिनं ते फळ बाजूला ठेवलं.

"तुम्ही आता जशा ओरडलात," ती म्हणाली, "अगदी तशी."

पुढे तिला बोलता आलं नाही.  तिनं नातवाला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, आवाज काढून, लहान मूल रडतं तशी. वहिनी दोन्ही नातवंडांना घेऊन हळूच स्वयंपाकघरात गेल्या. ह्यांनी मोबाइल खाली केला. मी एका हातानं नातवाला पोटाशी धरलं, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिनं तो झटकला नाही. उलट सरकून जवळ आली आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. माझ्याच डोळ्यांना धार लागली होती.

आवाज ऐकून मुलगा कानातले इयरफोन ओढत धावत बाहेर आला. सतरंजीभर चुरमुरे, लाल फळं, आणि बायको रडतेय. "आई, काय झालं? काय केलंत तुम्ही तिला?"

मी मानेनंच त्याला तिथे थांबवलं.

"आईसाठी रडतेय ती," मी म्हटलं. "रडू दे तिला."